बठ्ठं कशाला बदलायचं?

मंडळी, आज धुळ्याला जाऊन आले आणि अजून हसू थांबत नाहीये.

ह्यांची वीस वर्षांची परदेशी गाडी तुम्हाला माहीतच आहे. ते गेल्यापासून ती मीच चालवते. गेला महिनाभर ती मागून खाली बसत होती. मोठ्या वर्कशॉपने सांगितलं, हवेचं सस्पेन्शन संपूर्ण बदला, साडेतीन लाख होतील. मुलगी म्हणाली, "आई, आता विकून टाक." उद्या गिऱ्हाईक येणार होतं.

शेवटचा प्रयत्न म्हणून हायवेवर ट्रक दुरुस्त करणाऱ्या नानांकडे गेले. त्यांनी कॉम्प्युटर वगैरे काही लावला नाही. हवेच्या नळीवर साबणाचं पाणी शिंपडलं आणि एका जागी बोट ठेवलं. तिथे बुडबुडे येत होते.

"बठ्ठं कसाले बदलनं, अक्का? आठे हवा निंघस, बस!" नाना अहिराणीत म्हणाले. बठ्ठं म्हणजे सगळं.

"पण नाना, ह्या गाडीची नळी इथे कुठे मिळणार?"

"हवाले काय माहीत, नळी साहेबनी शे का ट्रकनी!"

ट्रकच्या ब्रेकची हातभर नळी बसवली आणि आठशे रुपये घेतले. गाडी हळूहळू उठून उभी राहिली. काय हात आहे त्या माणसाचा! तिथूनच गिऱ्हाइकाला येऊ नका म्हणून कळवलं.

मग आत बसून सीटचं पहिलं बटण दाबलं. ह्यांच्या लांब पायांच्या मापाची जागा त्यात अजून साठवलेली आहे. सीट मागे सरकली, माझे पाय पेडलपर्यंत पोचेनात.

कॉन्व्हेंटमध्ये गेल्यापासून माहेरची अहिराणी बोलायची मला लाज वाटायची. आज रिकाम्या गाडीत ह्यांना मोठ्याने सांगितलं, "बठ्ठं बरोबर शे."