काशिनाथदादांचा उलटा बाण

काशिनाथदादा भोईर यांची आणि माझी पहिली गाठ उल्हासनगर कॅम्प एकमधल्या त्यांच्या पेंटिंगच्या दुकानात पडली. शाळेच्या मुलांसाठी मी व्हॅन घेतली होती, तिच्यावर अक्षरे रंगवायची होती. मी घाईत. दादांनी चावीच काढून घेतली. म्हणाले, "ओल्या रंगावर धूळ बसली तर तुझं काय जातं? लोक म्हणतील, भोईर पेंटरचा हात बिघडला." संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले. चहा मात्र दोनदा पाजला.

दादा आता पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या अक्षरांविषयी या गौरव अंकात जाणकार लिहितीलच. मी चौथी शिकलेला माणूस. मी त्यांच्या एका चुकीविषयी लिहितो. त्यांना विचारूनच लिहितो.

मागे चिखलोलीजवळ रस्ता खोदला होता. ठेकेदाराने तात्पुरत्या पाट्या दादांकडून रंगवून घेतल्या. मंगळवारी पाटीवर डावे वळण बंद दिसले, म्हणून मी उजवीकडे वळलो. पुढे उभ्या हवालदारांनी फोटो काढला. त्यांना पाटीची पाठच दिसत होती. बंद असलेले उजवे वळण घेतल्याचे चलान आले. गुरुवारी जाऊन पाहतो तर खरेच उजव्या बाणावर काट! माझा माझ्याच डोळ्यांवरचा विश्वास उडाला.

वर्षातले ते तिसरे चलान. आधीच्या दोन्ही वेळी चूक माझी होती, निमूट मान्य केली होती. हे तिसरे कायम झाले तर शाळा माझी व्हॅन बंद करणार होती. कोर्टात जायचे ठरवले. सून म्हणाली, "बाबा, तुमच्या बाजूनं बोलणार कोण?"

दादांकडे गेलो. ऐकता ऐकता त्यांचा ब्रश थांबला.

"तू नाही चुकलास रे. बाण मी उलटा काढला. बुधवारी जाऊन गपचूप बदलला."

"ठेकेदाराला ठाऊक आहे?"

"त्यानंच तर सांगितलं, कुठं बोलू नका."

पुढची सगळी कामे त्या ठेकेदाराच्याच हातात होती. मी काही न मागता उठलो. दादांनी फक्त तारीख विचारली.

त्या दिवशी कोर्टात माझा पुकारा झाला, तरी दादांचा पत्ता नाही. फोन बंद. सरकारी वकील म्हणाले, "पाटी होती, हे तुम्हीच कबूल करताय ना?" तेवढ्यात दारात दादा, धापा टाकत, काखेत तीच पाटी! काम संपल्यावर ती त्यांच्याकडे परत आली होती. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली. नव्या रंगाखालून जुन्या बाणाची कड उठून दिसत होती. मग मोबाईल पुढे केला. त्यात बुधवार सकाळचा ठेकेदाराचा निरोप होता: 'बाण उलटा झालाय, आज बदला.'

"यात तुमचं नाव खराब होईल, कल्पना आहे ना?" न्यायाधीशांनी विचारले.

दादा म्हणाले, "साहेब, पन्नास वर्षं नावच जपलं. म्हणून तर आलो."

चलान रद्द झाले. त्या ठेकेदाराचे काम मात्र दादांकडे पुन्हा आले नाही. मी विषय काढला की झटकून टाकतात, "पोरं वेळेवर पोचतात ना शाळेत? मग झालं!"

दादा, तुम्हाला उदंड, निरोगी आयुष्य लाभो. तुमचा हात कधी न थरथरो. आणि थरथरलाच, तर चारचौघांत तसे सांगायचे तुमचे बळ शेवटपर्यंत असेच राहो.