बडोदे मानवेल का?

अठरा साली मोठी लढाई संपली आणि मुंबईत सगळंच महागलं. तांदूळ महागला, रॉकेल महागलं, आणि आमच्या गिरगावातल्या खोलीचं भाडं मालकाला आठवण होईल तेव्हा चढू लागलं. खोली एकच. तीत मी, आमचे हे, आमची सहा वर्षांची मुलगी आणि यांची मतं एवढी राहत असू. सगळ्यात जास्त जागा मतांना लागे.

अशात यांचे बडोद्याचे चुलतभाऊ एका लग्नासाठी मुंबईला आले. वयानं थोरले, म्हणून आम्ही सगळे त्यांना दादा म्हणत असू. दरबारच्या कुठल्याशा कचेरीत ते कारकून होते. पण बोलायचे असे, की महाराज विलायतेला निघताना राज्याच्या किल्ल्या यांच्याच कनवटीला लावून जात असावेत.

"काय ठेवलंय या मुंबईत?" आमच्या एकुलत्या खुर्चीवर बसून दादा म्हणाले. "तिकडे या. अख्खं घर मिळतं, या खोलीच्या भाड्यात. दारात नळ. दूध असं दाट, की पाहून घ्यावं. आमच्या महाराजांनी काय करायचं ठेवलंय?"

"पण समुद्र नाही," हे गंभीरपणे म्हणाले.

मी चहा गाळत होते, ती थांबले. लग्न झाल्यापासून या माणसानं मला एकदा चौपाटी दाखवली होती, तीही ट्राम चुकली म्हणून.

दादा गेले आणि आमच्याकडे तोलणं सुरू झालं. एका संध्याकाळी बडोद्याचं पारडं जड, दुसऱ्या संध्याकाळी मुंबईचं. गोऱ्या कंपनीतली कारकुनी सोडावी का? संस्थानी नोकरीत मान असतो का? तिथली हवा कोरडी, आपली छाती ओलसर, मानवेल का? शेजारपाजारच्या पुरुषांची मतं घेऊन झाली. खालच्या न्हाव्याचंही मत घेतलं. मला कोणी विचारलं नाही. मुक्काम हलवावा की नाही, हा प्रश्न पुरुषांचा. भांडी कुठल्या पोत्यात बांधायची, एवढाच माझा.

शेवटी थंडीत यांनी पंधरा दिवसांची रजा काढली. जाऊन प्रत्यक्ष पाहायचं ठरलं. गाडीत यांनी मला समजावलं, की संस्थानं म्हणजे मोठी खेडीच असतात. राजवाडा सोडला तर बाकी शेणामातीचा कारभार. सकाळी गाडी एका ऐसपैस फलाटावर थांबली. हमाल धावले, अर्धा डबा उतरला.

"बडोदे आलं वाटतं," मी म्हटलं.

"हे बडोदे?" हे हसले. "हे कुठलं तरी मोठं जंक्शन आहे. बस खाली."

पाटी आमच्या डब्याच्या पुष्कळ मागं राहिली होती, आणि मान बाहेर काढून ती वाचणं यांना कमीपणाचं वाटलं. गाडी सुटली. पुढं एक छोटं स्टेशन आलं; दोन लिंबाची झाडं, एक शेळी, पेंगणारा स्टेशनमास्तर. हे ताडकन उठले. "हेच ते! मी म्हटलं नव्हतं?"

ते बाजवा होतं, बडोद्याच्या पुढचं स्टेशन. तिथून बैलगाडी करून आम्ही उलटे बडोद्याला आलो. वाटेत हे बैलांच्या शेपट्यांकडे पाहत बसले. मुलगी मात्र शेळीबद्दल बोलत राहिली.

दादांचं बिऱ्हाड वाडी नावाच्या भागात होतं. अरुंद पोळ, म्हणजे तिकडची गल्ली, समोरासमोर घरं, या खिडकीतून त्या खिडकीत वाटी देता येईल इतकी जवळ. शेजार सगळा गुजराती वाण्यांचा. मी येताना जाऊबाईंसाठी सुक्या बोंबलांचा डबा आणला होता. आम्ही कोकणातले, मासे खाणारे. पण डबा पाहताच दादांनी दोन्ही हात वर केले.

"छे छे! आम्ही इथं सगळं सोडलंय. शेजारधर्म आहे. आणि खरं सांगू? आठवणही होत नाही."

जाऊबाईंनी डबा उचलून आत नेला. दुसऱ्या दिवशी दादा कचेरीतून लवकर आले, दारंखिडक्या लावून घेतल्या, आणि जाऊबाईंनी निखाऱ्यावर बोंबील भाजायला घेतले. वासाला दार काय आणि खिडकी काय. थोड्याच वेळात समोरच्या बेननं हाक मारली, "भाभी, आ शेनी वास आवे छे?"

दादा तोंड पुसत खिडकीत गेले. "दवा छे, बेन. मुंबईथी आवी छे. संधिवा माटे."

दुसऱ्या दिवशी बेन वाटी घेऊन दारात उभी. तिच्या सासूचे गुडघे बरेच महिने धरले होते, थोडं औषध मिळेल का? दादांना नाही म्हणावं लागलं. औषध त्यांनी एका बैठकीत संपवलं होतं. पुढं जिन्यात ती भेटली, की "हवे केम छे?" म्हणून दादांच्या गुडघ्यांची चौकशी करी, आणि दादा तिच्यासमोर जरा लंगडत.

दिवसा दोघे भाऊ घरं पाहायला जात. घरं खरंच मोठी आणि स्वस्त होती, त्यामुळे यांची पंचाईत झाली. मग यांनी खुसपटं काढली. वाडीतलं घर फार काळोखं. निजामपुऱ्याकडचं फार उजेडाचं, कारण तिकडे तेव्हा घरापेक्षा शेतच जास्त. विश्वामित्रीच्या पुलावर उभे राहून हे म्हणाले, "याला तुम्ही नदी म्हणता?" तेवढ्यात खालच्या चिखलातला एक ओंडका हलला आणि त्यानं जबडा उघडला. यांनी परतायला टांगा केला. एरवी आम्ही सगळीकडे पायीच जात असू.

आणि मग एके सकाळी दारात शाळाखात्याचा माणूस आला. डोक्यावर काळी टोपी, काखेत छत्री. आमची मुलगी उंबऱ्यावर बसून शेंगदाणे खात होती.

"ही मुलगी कोणाची?"

"माझी," हे म्हणाले.

"शाळेत का नाही?"

"आम्ही मुंबईचे आहोत."

"मुंबईची मुलं शिकत नाहीत?"

"शिकतात. पण तिकडे सक्ती नाही."

"मग ही शिकते?"

मुलीला शाळेत केव्हा घालावं, कुठल्या घालावं, घालावं की घरीच शिकवावं, याचंही आमच्याकडे वर्षभर तोलणं चाललं होतं.

"आमचा विचार चालू आहे," हे म्हणाले.

"चालू द्या," तो माणूस म्हणाला. "उद्या अकराला मुलगी शाळेत हवी. नाहीतर दंड."

दादांची छाती फुगली. "पाहिलंस? ही आमच्या महाराजांची शिस्त!"

"पाहुण्यालाही दंड?" हे ओरडले.

"राज्य आहे बाबा. तुझी चाळ नव्हे."

दुसऱ्या दिवशी दादांच्या वशिल्यानं यांची एका कचेरीत नोकरीसाठी गाठ ठरली होती. कोट घालून, उपरणं घेऊन हे तिकडे गेले. म्हणून, आम्ही पंधरा दिवसांचे पाहुणे आहोत एवढं सांगायला मुलीला घेऊन मी शाळेत गेले.

मुलींची मराठी शाळा. हेडबाई उंच, विधवा, जाड भिंगांचा चष्मा. एक मास्तरीण बाळंतपणाला गेलेली, त्यामुळे दोन वर्ग एका दालनात कोंबलेले, आणि आवाज असा की माझं बोलणं मलाच ऐकू येईना.

"बाई, आम्ही इथले नाही..." मी सुरुवात केली.

"तुम्हाला वाचता येतं?" त्यांनी विचारलं.

"येतं. सहावी झालेय मी."

"मग या मुलींपुढे जरा उभ्या राहा. मी पलीकडे बघून येते."

त्या गेल्या त्या मधल्या सुट्टीपर्यंत फिरकल्या नाहीत. काय शिकवायचं ते मला ठाऊक नव्हतं, म्हणून मी मुंबई कशी आहे ते सांगत बसले. समुद्रावर आले तेव्हा वर्ग गप्प झाला. एकीनंही तो पाहिलेला नव्हता.

"पलीकडचा काठ दिसतो का, बाई?"

"नाही दिसत."

"पाणी गोड असतं?"

"खारट. पिता येत नाही."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचार केला. "त्यात मगरी आहेत?"

"नाहीत."

"मग आमची नदी बरी," ती म्हणाली, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. यांनी सहा महिने चालवलेलं तोलणं त्या पोरींनी असं संपवलं.

हेडबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. मी काही चुकलं म्हणून घाबरले. त्या म्हणाल्या, "उद्याही या. जागा तूर्त हंगामी आहे. पुढं बायकांच्या ट्रेनिंग कॉलेजात जा, कायम होईल. येणार का?"

मी "घरी विचारून सांगते" म्हणायला तोंड उघडलं, आणि "येते" म्हणून बसले.

घरी पोचले तर हे आधीच आले होते, खुशीत. "फार आपुलकीची माणसं," ते सांगत होते. "मी आपलं सगळं गुजरातीत बोललो. मुंबईत राहून येतंच. शिरस्तेदारानं नोकरीचं काढायच्या आधी घरची चौकशी केली. म्हणाला, 'तमे हमणां नवरा छो?' मला जरा चमत्कारिक वाटलं, पण म्हटलं, 'हा जी, सात वरसथी.'"

जाऊबाईंच्या हातातली परात खाली आली. "अगं बाई! भाऊजी, गुजरातीत नवरा म्हणजे रिकामा! बिनकामाचा!"

"म्हणजे?"

"म्हणजे सात वर्षं तुम्ही काही करत नाही, असं सांगून आलात!"

त्या उंबऱ्यावर बसल्या आणि डोळ्याला पदर लावून हसल्या. दादा हसले नाहीत. वशिला त्यांचा होता. यांचा चेहरा पाहून मला क्षणभर वाईट वाटलं. मग मी सांगून टाकलं, "मला नोकरी लागली."

जाऊबाईंनी डोळ्याचा पदर खाली घेतला.

"कुठं?" यांनी विचारलं.

"शाळेत."

"तुला कोणी विचारलं?"

"हेडबाईंनी," मी म्हटलं. "त्यांनी विचारलं."

लग्न झाल्यापासून मला कोणी काही विचारल्याची ती पहिलीच वेळ होती. माझा आवाज त्यामुळे जरा चढला असेल.

आता दादा काय म्हणतात ते ऐकायचं होतं. रोज जेवताना महाराजांच्या स्त्रीशिक्षणाचं कौतुक करणारा माणूस. दादांनी घसा साफ केला. "हे पाहा, महाराजांनी केलं ते राज्यासाठी थोर आहे. पण ते आपल्याच घरात कशाला?"

"विचार करू," हे म्हणाले.

"तुम्ही करा," मी म्हटलं. "मला उद्या अकराला जायचंय. मुलीलाही. नाहीतर दंड आहे."

दोघे पुरुष एकमेकांकडे पाहत राहिले. जाऊबाईंनी परात उचलली आणि शांतपणे म्हणाल्या, "माडीवरची खोली रिकामीच आहे. तिथं राहा तुम्ही दोघी."

रजा संपली तेव्हा हे एकटे मुंबईला गेले, विचार करायला. चाळीत सांगितलं, की बायकोला हवापालटासाठी ठेवलंय. खानावळीत जेवू लागले. मधून मधून येत, माझ्या वर्गाच्या बाहेरून दोन चकरा मारत आणि परत जात. हवापालट लांबला, तसे चाळीतले लोक मला कुठला आजार झालाय ते कुजबुजू लागले. खानावळीतलं वरण आणि ही चौकशी यांपैकी यांना कशानं जिंकलं, ते मला कधी कळलं नाही. चैत्रात हे ट्रंक, वळकटी आणि ती एकुलती खुर्ची घेऊन आले. मुंबईत सांगून आले, की बडोदे राज्यातून बोलावणं आलंय. ते खोटं नव्हतं. फक्त कोणाला आलंय ते सांगितलं नाही.

दरबारात यांना जागा मिळाली नाही. बडोद्यातल्या मांडवीजवळच्या एका शेठजींची इंग्रजी पत्रं लिहायचं काम मिळालं. गुजराती आमच्या मुलीनं शिकवली, आणि चुकलं की ती यांना ओणवं उभं राहायला सांगे. आम्ही त्याच गल्लीत वेगळं बिऱ्हाड केलं. तेच काळोखं घर, जे यांनी नापसंत केलं होतं. आता ते उन्हाळ्यात थंड राहतं असं त्यांचं मत झालं.

शेठजींची पत्रं दुपारी संपत आणि माझी शाळा पाचला सुटे. एकदा मी घरी आले तर दार आतून बंद. उघडलं तेव्हा यांच्या हातात पातेलं. चुलीवर चहा उकळत होता. गल्लीला दिसू नये म्हणून दार लावलेलं. पण समोरच्या बेनला आमच्या घरातलं सगळं दिसे. आठवड्याभरात गल्लीतल्या बायका आपापल्या नवऱ्यांना यांचा दाखला देऊ लागल्या, आणि पुरुषांनी यांच्याशी "जय श्रीकृष्ण" करणं सोडलं. काही दिवस हे फार अवघडले. मग एका संध्याकाळी मी कोपऱ्यावरून वळले, तर दार सताड उघडं, हे उंबऱ्यावर बसून आलं किसताहेत, आणि येणाऱ्याजाणाऱ्याकडे असे पाहताहेत, की जणू हे कामही त्यांनी पुष्कळ तोलूनच पत्करलंय.

चहा फार उत्तम होई. हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. लगेच त्यावर त्यांचं मत झालं असतं.