खोली नंबर पाच

"तुमच्या पोरीने केलंय, तुम्हीच पुसा." सिस्टरने फडकं माझ्या पायापाशी टाकलं.

प्रज्ञा, माझी नात, आठ वर्षांची. डॉक्टर तिच्यावर ओरडला होता, "बोल की! मुकी आहेस का?" आणि ती उभ्या उभ्या मुतली. दारातल्या लाईनमधली एक बाई हसली. "एवढी घोडी झाली की!"

तिचा बाप, माझा मुलगा, कंपनीत मशीनमध्ये सापडून गेला. तेव्हापासून पोरगी बोलत नाही. रोज सकाळी पोट धरून बसते. दिघ्यातल्या या सरकारी दवाखान्यात आमची ही चौथी खेप. तीनदा जंताचं औषध दिलं. या वेळी मी म्हणाले, "डॉक्टर, पोटात काही नाही. पोरगी आतून घाबरलीय."

"मग भगताकडे न्या. तुमच्या लोकांत तेच चालतं ना?"

आमच्या लोकांत. माझ्या आईने धम्म घेतला त्याच दिवशी घरातले गंडेदोरे चुलीत घातले. पोरं तापाने फणफणली तरी ती भगताची पायरी चढली नाही. आणि हा एवढा शिकलेला माणूस मला परत तिथे धाडत होता.

तीस वर्षं मी ऐरोलीत लोकांच्या फरशा पुसल्या. पगार घेऊन. ते फडकं मी उचललं आणि डॉक्टरच्या टेबलावर ठेवलं. पदराने पोरीचे पाय पुसले. फरशी नाही पुसली.

डॉक्टरच्या मागे भिंतीवर बोर्ड होता. मी चौथी शिकलेय. मोठ्याने वाचला. "मुलांसाठी मानसिक आधार. दर गुरुवारी. खोली नंबर पाच."

"आज गुरुवार आहे," मी म्हणाले. "उघडा खोली."

"आजी, तिथे औषधांची खोकी ठेवलीत," सिस्टर म्हणाली. "पोरांशी बोलणाऱ्या मॅडमची नेमणूकच झाली नाही अजून."

"मग केसपेपरवर तसं लिहा. पोरीचं मन दुखतंय आणि आमच्याकडे माणूस नाही. लिहा."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "नाटकं नकोत. पुढचा पेशंट."

मी खोली नंबर पाचच्या कुलूप लावलेल्या दारात बसले. पोरीला मांडीवर घेऊन. दवाखाना बंद होईपर्यंत.

तेव्हापासून दर गुरुवारी बसते. आता अजून दोन आया पोरं घेऊन येतात. कुलूप तसंच आहे. पोरगी बोललेली नाही. जंताची गोळी मी परत घेणार नाही, आणि त्या दारातून उठणारही नाही.

हे माझ्यावर आणि माझ्या नातीवर गुदरलंय. ती आठ वर्षांची. मी सदुसष्ट.