सत्तेचाळीस नंबरची नळी

मलावी सरोवराकाठच्या आमच्या दवाखान्यात गरोदर बायांचं रक्त काढतात. त्या नळ्या बर्फाच्या डब्यात घालून चौदा किलोमीटरवरच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम एनिफा म्बेवे अकरा वर्षं करते, सायकलवरून.

कशासाठी, हे तिनं मला एकदा समजावलं. "बाई, अंगातले शिपाई एकमेकांना निरोप धाडतात. ते निरोप म्हणजे रक्तातली प्रथिनं. पोटात बाळ असताना निरोपांचा गलका झाला, तर आईच्या रक्तवाहिन्यांना ते बाधतं. आणि डबा तापला, तर नळीतच गलका सुरू होतो." इतकं सोपं करून मी शाळेतल्या उभ्या नोकरीत काही शिकवलं नसेन.

त्या बुधवारी मी साखर तपासायला प्रयोगशाळेतल्या बाकावर बसले होते. एनिफा नुकतीच डबा ठेवून आली होती. वायसन, माझा जुना विद्यार्थी आणि आता तिथला तंत्रज्ञ, दारात आला.

"मावशी, सोमवारी वाटेत मासे घ्यायला थांबलात ना?"

"नाही. का रे?"

"सत्तेचाळीस नंबरचा आकडा यंत्राच्या मापात बसत नाहीये. नळी उन्हात तापली असणार. 'खराब' लिहून टाकतो."

एरवी एनिफा मुकाट ऐकून घ्यायची. त्या दिवशी तिनं विचारलं, "शेहेचाळीस आणि अठ्ठेचाळीस कशा आहेत?"

"त्या ठीक आहेत."

"एकाच डब्यात होत्या, वायसन. मधली तेवढी तापली?"

"म्हणजे आकडा खराच? कोणाची नळी ही?" वायसननं विचारलं.

नळीवर नाव नसतं, पण नंबराची चिठ्ठी एनिफानंच चिकटवली होती. "फानेसीची आहे. सातवा महिना. पाय नवऱ्याच्या चपलेतही मावत नाहीत म्हणून हसत होती. आणि दवाखान्यातलं रक्तदाबाचं यंत्र पंधरा दिवस बंद आहे."

वायसननं प्रयोगशाळेची गाडी फानेसीला आणायला धाडली, तीत आम्ही दोघीही बसलो. फानेसी डोक्याला फडकं आवळून घरात बसली होती. "एनिफाताई, दोघी आलात की चौघी? डोळ्यांपुढे नुसते काजवे चमकतायत."

इस्पितळात नर्सनं तिचा रक्तदाब मोजला, पुन्हा मोजला, मग यंत्रच बदललं. एकशे नव्वदच्या वर. झटके येऊ नयेत म्हणून इंजेक्शन दिलं आणि तिला तडक शस्त्रक्रियेला नेलं. दीड किलोची मुलगी झाली. दोघी वाचल्या.

ते सांगायला आम्ही प्रयोगशाळेत गेलो, तर वायसन जुन्या वह्या पसरून बसला होता. 'खराब' शेऱ्याच्या एकवीस नळ्यांच्या नोंदी निघाल्या होत्या.

"यांच्या डब्यातल्या बाकीच्या नळ्या?" एनिफानं विचारलं.

"तेरा वेळा ठीक होत्या, मावशी."

"आणि मला दर वेळी वाटायचं, माझाच बर्फ वितळला."

ती स्टुलावर बसली आणि एकेका नंबरावर बोट ठेवून नाव सांगू लागली. तिसऱ्या नंबरावर बोट थांबलं.

"हिच्या मर्तिकाला मक्याच्या पिठाची न्सिमा मीच रांधली होती."

वायसन वही मिटायला गेला. एनिफानं त्याचा हात बाजूला सारला आणि चौथा नंबर वाचला.