टाकीतलं खारं पाणी
उन्हाळ्यात खालच्या रानात मीठ फुटून जमीन पांढरी पडली की मला ती काचेची टाकी आठवते. देवळाली प्रवराच्या आमच्या वस्तीवर, चहूकडं ऊस असताना, मी थंड समुद्रातले जीव पाळले होते; फुलाच्या पाकळ्यांसारखे हात हलवणारे अॅनिमोन आणि काच चाटत फिरणाऱ्या गोगलगाई. पाणी गार ठेवणारं मशीन दिवसभर घुमायचं. टाकीतलं पाणी उतरलं की मी मीठ कालवलेलं पाणी ओतायचो. वडील म्हणायचे, "आरं, पानी उडून जातं, मीठ मागंच ऱ्हातं. आपलं खालचं रान असंच मेलं. गोडं पानी टाक." मी हसायचो. एका दुपारी दार उघडलं तर कुजका भपकारा नाकात घुसला. अॅनिमोन विरघळून लोंबत होते, गोगलगाई शंखातून बाहेर लोळल्या होत्या आणि वडील हातात तांब्या घेऊन टाकीशी उभे होते. "मारलं ना गोडं पाणी ओतून!" असं ओरडून मी तांब्या हिसकावला आणि त्यांच्या कपाळावर हाणला. गार पाणी माझ्या अंगावर उडालं. तांब्या तोवर भरलेलाच होता, त्यांनी थेंबही ओतला नव्हता. ते टाकीवर कोसळले, काच फुटली, रक्त आणि पाणी एकत्र त्यांच्या तोंडावरून वाहिलं. ओठावरून जीभ फिरवून ते एवढंच म्हणाले, "लई खारं झाल्तं रे." डॉक्टरला त्यांनी पाय घसरल्याचं सांगितलं. आता ते रान मी कसतो. मी बांधावर आलो की वडील अजूनही टोपी पुढं ओढून कपाळावरचा व्रण झाकतात.