चौकातला गाडीवान

धाराशिवात शिरताना चौकात बैलगाडीशेजारी उभा असलेला गाडीवान लागतो. येणारे-जाणारे त्याच्यासोबत फोटो काढतात. खाली 'श्रमाला वंदन' असं कोरलंय, आणि त्याखाली वंदन करणाऱ्यांची नावं. गाडीवानाचं नाव नाही. ते माझे वडील.

ढोकीच्या कारखान्याला ऊस वाहण्यात दादांचं आयुष्य गेलं. पुढं ट्रॅक्टर आले, त्यांनी बैल विकले. मग मूर्तिकाराला 'अस्सल गाडीवान' हवा होता, तेव्हा कुणीतरी त्याला आमच्या घरी आणलं. दादा आठवडाभर अंगणात स्टुलावर बसले. मूर्तिकार सारखा म्हणायचा, हलू नका.

"जल्मभर हाललो तवा कुणी ढुंकून बघितलं न्हाय," दादा आईला म्हणाले. "आता बसलोय तर गाव गोळा झालंय."

"मग बसा की गप. त्यो नाक करायलाय."

पुतळा समितीनं बैल पहिल्याच बैठकीत मंजूर केले. माणसावर वाद झाला. छाती भरदार हवी, मिशा पिळदार हव्यात, मुद्रेवर तेज हवं. मूर्तिकार म्हणाला, छाती वाढवतो, चेहऱ्याला हात लावणार नाही.

त्याच वर्षी थंडीत दादा गेले. घरात त्यांचा एकच फोटो होता, आधार कार्डावरचा. गुन्हा कबूल करायला बसवल्यासारखा. तो मोठा करून भिंतीवर लावू म्हटलं, तर आई नको म्हणाली. "पुतळ्यात बघीन."

पुतळा आला, चौथऱ्यावर चढला आणि पांढऱ्या कापडात गुंडाळला गेला. अनावरणाला मंत्री हवे होते आणि मंत्र्यांना सवड नव्हती. पावसाळा सरला, कापड काळं पडलं. दर बाजारच्या दिवशी आई मला चौकात थांबायला लावायची. एकदा तिनं राखणदाराला विचारलंच.

"बाबा, तोंडापुरतं सारतूस का?"

"आजी, सायबाच्या आधी उघडलं तर माझी नोकरी जाईल."

"मी काय उद्घाटन कराया आले न्हाय. नवरा हाय माझा."

त्यानं उठून आपली खुर्ची तिला दिली. कापडाला मात्र हात लावला नाही.

अखेर तारीख मिळाली. आम्हाला निमंत्रण नव्हतं. दोरीबाहेर उभे राहिलो. श्रमावर इतकी भाषणं झाली की ऐकणाऱ्यांनाच घाम फुटला. मंत्र्यांनी दोरी ओढली, तर कापड बैलाच्या शिंगात अडकलं. कुणीतरी वर चढून ते सोडवलं.

चेहरा दादांचाच होता. डोळ्यांवर ऊन आलं की ते जसे बघायचे, तसाच.

"छाती कुणाची लावलीया?" आई म्हणाली. मला हसू आलं. ती हसली नव्हती. पदर तोंडावर धरून बघत होती. गाड्या गेल्या, मांडव सुटायला लागला, तरी हलेना.

"चल माय."

"त्येंनी बघायलेत की. पाठ करून जायचं कसं?"

दंडाला धरून मी तिला घरी आणलं.

त्यानंतर बाजाराला जाताना ती रिक्षावाल्याला मागच्या रस्त्यानं घ्यायला लावते. तो वळसा लांबचा आहे. एकदा मी कारण विचारलं. पिशवी मांडीवर घट्ट धरून ती बाहेर बघत होती.

"झाकलं हुतं तवर बरं हुतं," ती म्हणाली. "आता दिसत्यात, आन् बोलत न्हायत."