येऊ दे

माझे भाऊजी ऐकत नाहीत, हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ होतं. लग्नानंतर ताई पहिल्यांदा माहेरी आली ती हेच सांगत आली. आईने विचारलं, माणूस कसा आहे? ताई म्हणाली, माणूस सोन्यासारखा आहे, पण ऐकत नाही. आईने तिलाच समजावलं की नवरे ऐकत नसतातच, तुझ्या वडिलांनी तरी माझं कधी ऐकलं? वडील शेजारीच बसले होते. त्यांनी तेही ऐकलं नाही.

भाऊजी लांब पल्ल्याचा ट्रेलर चालवतात. आज निघाले तर कधी परत येतील ते त्यांनाही सांगता येत नाही. उन्हाकडच्या खिडकीवर कायम टेकलेला त्यांचा उजवा हात कोळशासारखा, आणि डावा मात्र कचेरीत बसणाऱ्या माणसाचा. ताई म्हणते, माझं लग्न दोन माणसांशी झालंय आणि दोघेही घरी नसतात. घरी आले तरी त्यांच्या अंगातून गाडी उतरत नाही. कुणाच्या गाडीत मागे बसले तरी पाय ब्रेक दाबत असतो, आणि चालवणाऱ्याला घाम फुटतो.

माझं गाड्यांच्या सीटा शिवायचं दुकान आहे, ट्रान्सपोर्टच्या यार्डाला लागूनच. त्यामुळे घरचे भाऊजी ताईच्या वाट्याला आणि यार्डातले माझ्या. मला ते मेव्हणेबुवा म्हणतात, आणि काम सांगायचं असलं की नुसतं बुवा.

खरं सांगायचं तर त्या माणसावर माझा राग होता. कारण ताईने त्यांच्याकडे आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती. ते जेवत होते, ती ओट्याशी पोळ्या करत होती, आणि पाठमोरीच म्हणाली की मला एकदा तुमच्याबरोबर गाडीतून घेऊन चला, तुम्ही बघता ते मलाही बघायचंय. भाऊजी जेवत राहिले. पुढच्या खेपेला तिने पुन्हा विचारलं. ते पुन्हा जेवत राहिले. तिसऱ्यांदा तिने विचारलं नाही. मला हे सांगताना ती हसत होती, पण तिचं हसणं मी लहानपणापासून ओळखतो. नाही म्हणायचं तर नाही म्हणावं. उत्तरच न देणं म्हणजे माणसाला काडीची किंमत न देणं, असं माझं मत होतं.

मग ते गोदामाचं प्रकरण झालं.

लांब गाडी पुढे नेणं सोपं असतं. माणसाची पारख होते ती गाडी मागे घेताना. पूर्वी गाडीवर दुसरा माणूस असायचा, तो मागे उभा राहून हाळी द्यायचा. मालकांनी तो माणूस बंद केला. आता जिथे माल उतरवायचा तिथला वॉचमनच मागे उभा राहतो आणि ओरडतो, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, आणि मग बास. ड्रायव्हर उजव्या खिडकीतून डोकं बाहेर काढून बास कधी येतं याची वाट बघत असतो.

त्या दिवशी बास आलं, पण भाऊजींना पोचलं नाही. ट्रेलर येतच राहिला. गोदामाच्या फलाटाचा कोपरा फुटला, आणि कोपऱ्याशी वॉचमनची लोखंडी खुर्ची होती ती पापडासारखी चपटी झाली. वॉचमन म्हातारा होता. ओरडायला म्हणून खुर्चीतून उठला होता, एवढंच त्याचं नशीब.

भाऊजी म्हणाले, हा ओरडलाच नाही. वॉचमन म्हणाला, माझा घसा फाटला. हमालांनी वॉचमनची बाजू घेतली. मालकांनी भाऊजींची सगळ्यांसमोर बिनपाण्याने केली आणि ट्रेलरची किल्ली काढून घेतली. तुम्ही सध्या यार्डातच गाड्या हलवा, म्हणाले, पुढचं पुढे बघू. लांब पल्ल्याच्या ड्रायव्हरला यार्डात गाड्या हलवायला लावणं म्हणजे काय, हे ज्याला कळतं त्याला कळतं. पुढचं पुढे बघू याचा अर्थही सगळ्यांना कळत होता.

आता भाऊजी रोज संध्याकाळी घरी. ताईला याची सवय नव्हती आणि त्यांनाही. येणारे-जाणारे दारातून डोकावून, आज गाडी नाही वाटतं, असं विचारायचे. एक दिवस भाऊजी वैतागले. दाराकडे तोंड करून मांडलेली आपली खुर्ची त्यांनी उलटी फिरवली आणि दाराकडे पाठ करून जेवायला बसले.

त्या दिवशी चमत्कार झाला. ताई ओट्याशी उभी राहून नेहमीसारखी स्वतःशीच पुटपुटली, मिठाचा डबा कुठे गेला. भाऊजी म्हणाले, फळीवर आहे. ती म्हणाली, नळ गळतोय. ते म्हणाले, उद्या बघतो. ताई पोळी लाटता लाटता थांबली. मग तिने डोकं चालवलं. ती त्यांच्या दुसऱ्या बाजूला, उजवीकडे जाऊन मागे उभी राहिली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, मी माहेरी निघाले, आता परत येणार नाही.

भाऊजींनी पुढचा घास घेतला.

ताई तिथेच जमिनीवर बसली आणि रडायला लागली. भाऊजींना वाटलं तिच्या पोटात दुखतंय. इतकी वर्षं ती ज्या कानाशी बोलत होती, रागावत होती, लाडात येत होती, तो कान बंद होता. खुर्ची दाराकडे तोंड करून असली की त्यांचा डावा कान भिंतीकडे यायचा आणि उजवा ओट्याकडे. म्हणजे चांगला कान भिंतीला आणि फुटका बायकोला.

डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. उघड्या खिडकीचा वारा आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे भोंगे उजव्या कानाने आयुष्यभर पचवले होते, आणि आता त्याने राजीनामा दिला होता. डावा ठणठणीत होता, त्यामुळे गाडी चालवायला हरकत नव्हती. उजव्यात मशीन घाला, म्हणाले, पण इंजिनाच्या घरघरीत त्याचा फार उपयोग होणार नाही.

मला वाटलं, आता हे हात टेकतील. वयही झालंच होतं. मी तसं सुचवलंसुद्धा, की यार्डातलं काम काय वाईट आहे, रोज घरचं जेवण मिळतं. भाऊजींनी चांगला कान माझ्याकडे केला आणि मला पूर्ण बोलू दिलं.

"गाडी मी सोडणार नाही," ते म्हणाले. "पण तो म्हातारा त्या दिवशी बसून राहिला असता तर काय झालं असतं, हे रोज माझ्या डोळ्यांसमोर येतं. मागे गाडी घ्यायला मी पहिल्यापासून शिकणार. कानावाचून."

दुसऱ्या दिवशी ते गोदामावर जाऊन ती चपटी खुर्ची घेऊन आले. ठोकून ठोकून सरळ केली. मला म्हणाले, बुवा, हिला सीट शिवा. मी उरलेल्या निळ्या रेक्झिनची सीट शिवली. खुर्ची एका बाजूला जराशी कललेली राहिली ती राहिलीच.

काम संपलं की ते रिकामा ट्रेलर यार्डाच्या टोकाला न्यायचे. जुने टायर रचून गोदामाचं फाटक आणि फलाट मांडायचे, कोपऱ्याशी ती खुर्ची ठेवायचे, आणि खुर्चीजवळ मला उभं करायचे. मला बोलायला बंदी. हातांनी खुणा करायच्या आणि आरशात दिसत राहायचं. मी आरशात दिसलो नाही की गाडी जागेवर थांबणार, मग का दिसलो नाही हे विचारायचं नाही. पंजा आपल्याकडे हलवला की ये, तळवा दाखवला की थांब. ऐकायला सोपं आहे. पहिल्या दिवशी माझ्या नाकावर माशी बसली, मी ती उडवायला हात हलवला, आणि ट्रेलर माझ्या दिशेने यायला लागला. मी टायरांच्या मागे उडी मारली. मी दिसेनासा होताच गाडी थांबली. भाऊजी उतरून म्हणाले, बघा, चालतं की. मी अजून टायरांमागे आडवा होतो आणि त्यांना हा पुरावा वाटत होता. त्या काळात मी जेवढ्या शिव्या मनात दिल्या तेवढ्या जन्मात दिल्या नसतील.

पण ते हटले नाहीत. टायर ढासळायचे, ते परत रचायचे. खुर्ची दोनदा आडवी झाली, तेव्हा ते गाडीतून उतरून तिच्यासमोर उभे राहिले, जसं काही तिच्यात खरंच कुणी माणूस होता. तिसऱ्यांदा कधी आडवी झाली नाही. कानात मशीन घालून ते ड्रायव्हरांच्या घोळक्यातही जायला लागले. एकाने विचारलंच, कानात काय, गाणी ऐकतोस का? भाऊजी म्हणाले, नाही, आजपर्यंत तुमची बडबड सुटली ती भरून काढतोय. नंतर कुणी काही बोललं नाही.

शेवटी ते मालकांसमोर जाऊन उभे राहिले. कानाची गोष्ट सांगितली, काही लपवलं नाही, आणि म्हणाले, मला त्याच गोदामावर पाठवा. तिथे जमलं नाही तर किल्ली मी पुन्हा मागणार नाही. मालकांनी होकार दिला.

मी सोबत गेलो, मांडीवर खुर्ची घेऊन. वॉचमनने ट्रेलर ओळखला आणि सरळ पाठ फिरवली. गेल्या वेळी खुर्ची गेली, म्हणाला, आता मला जायचं नाही. भाऊजी खाली उतरले.

"तुम्ही ओरडला होतात," ते म्हणाले. "मला ऐकू आलं नाही आणि मी तुम्हाला खोटं पाडलं. आता ओरडू नका. फक्त आरशात दिसत राहा. तुम्ही दिसला नाहीत तर गाडी जागची हलणार नाही."

म्हाताऱ्याला भरवसा नव्हता. तो मागे उभा राहिला, गाडी मागे यायला लागली, आणि तो मुद्दाम बाजूला सरकला. ब्रेकची हवा फुसकन सुटली, गाडी थांबली. तो दिसला, गाडी हलली. तो पुन्हा सरकला, ती पुन्हा थांबली. रांगेतल्या दुसऱ्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. माझा पारा चढला, मी म्हणालो की हा थेरडा खेळतोय. भाऊजी आरशावरची नजर न हलवता म्हणाले, बघू दे त्याला, मागे त्याला उभं राहायचंय, तुम्हाला नाही. असं किती वेळा झालं कोण जाणे. मग म्हातारा माझ्या बाजूच्या दाराशी आला, मांडीवरची खुर्ची मागून घेऊन गेला, फलाटाच्या दुरुस्त केलेल्या कोपऱ्याशी मांडली आणि तिच्यात बसला. पंजा आपल्याकडे हलवू लागला. ट्रेलर हळूहळू आला, आणि म्हाताऱ्याने बसल्याबसल्या तळवा दाखवला. तो उठला नाही. त्या क्षणी मला भाऊजींचा जो अभिमान वाटला तो मी त्यांना अजून सांगितलेला नाही.

खुर्ची त्याने परत केली. मला नवी मिळालीय, म्हणाला, ही तुम्हालाच लागेल. किल्ली भाऊजींकडे आली, आणि पाठोपाठ लांबची खेप.

निघायच्या दिवशी ताई यार्डात आली, दोन पिशव्या घेऊन. डॉक्टरांकडून आल्यावर भाऊजींनी तिला विचारलं होतं की मी तुझं काय काय ऐकलं नाही ते सांग. तिने बरंच सांगितलं होतं, नळापासून नणंदेपर्यंत. ती एक गोष्ट मात्र सांगितली नव्हती, आणि मलाही सांगू दिली नव्हती. भीक मागितल्यासारखं होईल, म्हणाली.

इंजिन सुरू होतं. ती गाडीला वळसा घालून डावीकडच्या दाराशी गेली.

"मला घेऊन चला," ती म्हणाली. आवाज न चढवता.

मला वाटलं, या घरघरीत डाव्या कानालाही पोचणार नाही. मी तिच्या वतीने ओरडणार, तेवढ्यात भाऊजींनी इंजिन बंद केलं.

"हे आधी कधी म्हणाली होतीस?"

"दोनदा," ताई म्हणाली.

डोळे पुसायला त्यांनी आधी काळा हात वापरला, मग गोरा. मग डावं दार उघडलं आणि पंजा आपल्याकडे हलवला, यार्डात मी हलवायचो तसा.

"येऊ दे," ते म्हणाले. "येऊ दे, येऊ दे."

पायरी उंच होती. मी ती कललेली खुर्ची दाराशी ठेवली, ताई तिच्यावर चढून आत गेली, आणि मी पिशव्या वर दिल्या. एक त्यांची होती. दुसरी तिने घरून स्वतःचे कपडे भरूनच आणली होती.

दोन दिवसांनी रस्त्यातून तिचा फोन आला. मी विचारलं, मग, भाऊजी ऐकतात की नाही? ती म्हणाली, ते बिचारे कान देऊन बसलेत रे, पण मला बोलायला फुरसत कुठे आहे, बघायलाच इतकं आहे.